निळा आधी विझतो

सोडाला, जयपूर
११ नोव्हेंबर २०२४

ती. हिंदुरावमामांना,
साष्टांग नमस्कार.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि कानात यंत्र घालायला तुम्ही तयार नाही, म्हणून शेवटी पोस्टात जाऊन पाकिटं आणली. खिडकीतल्या बाईंनी दोनदा विचारलं, "चिट्ठी? हाथ से लिखी हुई?" मी हो म्हटल्यावर त्यांनी आतल्या बाईंना बोलावून मला दाखवलं.

नोकरी लागली. पुण्यात पाच वर्षं घासून केलेल्या पीएच.डी.चा उपयोग जयपुरात व्हायचा होता. कंपनीचं नाव 'दीप्तिपट'. मालक अभिनव, वय एकतीस. त्याला मालक म्हटलेलं चालत नाही, संस्थापक म्हणायचं. कारखान्याला कारखाना म्हटलेलंही चालत नाही. सांगानेरला त्याच्या सासऱ्यांची कापडछपाईची शेड आहे, तिच्या अर्ध्या भागात काचेच्या भिंती घातल्यात. ती 'प्रयोगभूमी'. उरलेल्या अर्ध्या भागात अजून चादरी छापतात.

काम असं. तुम्ही वर्गात दाखवायचात तो एलईडी म्हणजे कठीण स्फटिकाचा ठिपक्याएवढा कण. आमचा एलईडी पॉलिमरचा. प्लास्टिकच्याच जातीचं लांब साखळीचं द्रव्य, पण यातून वीज जाते आणि गेली की ते स्वतः उजळतं. ते विरघळतं, म्हणून त्याची शाई करता येते. लवचिक पारदर्शक फिल्मवर त्या शाईचा एक थर छापायचा, केसाच्या जाडीचा सातशेवा भाग. वर-खाली विजेची दोन टोकं. मग अख्खा कागद सारखा उजळतो. कुठे ठिपका नाही, नुसता उजेड.

"सांगानेरने शतकानुशतकं फुलं छापली, आता उजेड छापेल," असं अभिनव म्हणतो. हे वाक्य त्याने चहाच्या कपांवर छापून घेतलंय. कंपनीतून छापून बाहेर पडलेला हा पहिला माल.

छपाई उत्तमजी करतात. पिढीजात छीपा, म्हणजे कापड छापणाऱ्यांच्या घरातले, साठीचे. रबराची पट्टी एकदा ओढतात आणि म्हणतात, "बाईसा, बीच में मोटी रह गई." जाडी मोजायचं यंत्रही तेच सांगतं, चार मिनिटांनी.

राहते सोडाल्यात, मितालीबरोबर. तिचे वडील फौजेत, मूळचे साताऱ्याचे. ती म्हणते, "मला मराठी वाचता येते, पण मतलब, हिंदीसारखी."

मामींना नमस्कार. आशिर्वाद असू द्या.
तुमची उत्कर्षा

आष्टा
२० नोव्हेंबर २०२४

चि. उत्कर्षास,

आशीर्वाद आहेतच, पण त्यातली 'शी' दीर्घ. डॉक्टरेट मिळाली म्हणून ती ऱ्हस्व होत नाही.

तुझे पत्र मी वाचनालयात मोठ्याने वाचून दाखवले. तीन वेळा, कारण माणसे टप्प्याटप्प्याने आली. आपले निवृत्त तलाठी म्हणाले, "प्लास्टिक जळतं हे माहीत होतं सर, उजळतं हे नवीनच." मी त्यांना फळ्यावर आकृती काढून दिली. वाचनालयात फळा नाही. शेजारच्या अंगणवाडीतून मागवला.

ज्या गावात मी चौतीस वर्षे पदार्थविज्ञान शिकवले त्या गावातली, माझ्याच बहिणीची मुलगी उजेड छापते, हे मी आता रोज कोणाला ना कोणाला सांगतो. काल केस कापणाऱ्याला सांगितले. तो म्हणाला, मान हलवू नका.

एक साधा प्रश्न. तू सर्व लिहिलेस, पण तो कागद एकदा लावल्यावर किती तास उजळतो, ते लिहायचे राहिले. कळव. लोक विचारतात.

तुझी तारामतीमामी विचारते, तिकडे चांगली तूरडाळ मिळते का. तिला उजेडात रस नाही.

तुझा मामा
हिंदुराव

सोडाला, जयपूर
९ डिसेंबर २०२४

ती. मामा,
नमस्कार. तूरडाळ मिळते.

काम जोरात आहे. आमच्या पॉलिमरला हवा आणि पाणी अजिबात सोसत नाही, म्हणून सगळं नायट्रोजन भरलेल्या काचेच्या पेटीत करावं लागतं. पेटीच्या भोकांत बसवलेल्या रबरी हातमोज्यांत हात घालून दिवसभर उभी असते. बाहेर जरा नाक खाजलं तरी खाजवता येत नाही. अभिनवने जयपूर का निवडलं, तर इथली हवा कोरडी. पाहुण्यांना हे तो फार गंभीरपणे सांगतो. सासऱ्यांच्या शेडचा उल्लेख तेव्हा होत नाही.

लाल आणि हिरवा छान येतात. निळा आधी विझतो. त्याला उजळायला जास्त जोर लागतो, त्या जोरात त्याच्याच साखळ्या तुटतात. त्यावर माझं काम चालू आहे. एकंदरीत परिणाम अतिशय आशादायक आहेत.

दोन मोठ्या बातम्या. फेब्रुवारीत इथे तंत्रज्ञानाचा मेळा आहे. त्यात एका बड्या पाहुण्यांच्या डोक्यावर उजळणारा साफा बांधायचा, साफा म्हणजे इकडचा फेटा. आणि दुसरी, आपल्या शाळेचा सुवर्णमहोत्सव आहे हे मी सहज बोलले, तर अभिनव लगेच म्हणाला, "पहिली उजेडाची पाटी मामाजींच्या शाळेला भेट!"

तुमची उत्कर्षा

आष्टा
१७ डिसेंबर २०२४

चि. उत्कर्षास आशीर्वाद.

मी हजारो उत्तरपत्रिका तपासल्या. उत्तर येत नसले की मुले अक्षर मोठे काढतात आणि समास वाढवतात. तुझे 'अतिशय आशादायक' दीड ओळ खाते आहे. तासांचा आकडा याही वेळी आलेला नाही.

पण ते असो. पाटीची बातमी मी शाळा समितीच्या अध्यक्षांना सांगितली. त्यांनी मला व्यासपीठावर मधोमध बसवायचे ठरवले आहे. निवृत्तीच्या वेळी मला कडेची खुर्ची दिली होती, पंख्याखाली नसलेली. भाषणही माझेच. विषय: 'विज्ञान आणि सत्य'. मी तयारीला लागलो आहे.

तारामती म्हणते, पोरीला आकडा विचारून छळू नका. मी छळत नाही. आता मी विचारणारही नाही.

हिंदुराव

सोडाला, जयपूर
३ फेब्रुवारी २०२५

ती. मामा,

झालं! साफा तीन तास उजळला. पाहुणे तो उतरवायलाच तयार नव्हते, जेवायलाही तसेच बसले. टाळ्या, फोटो, सगळं. अभिनवने मंचावर माझं नाव घेतलं. 'उत्कर्षा' नीट म्हणता आलं नाही, पण घेतलं. वर्तमानपत्राचं कात्रण सोबत पाठवते. तुमची पाटी पुढच्या आठवड्यात निघेल. फारच गडबड आहे, म्हणून थोडक्यात.

तुमची उत्कर्षा

आष्टा
११ फेब्रुवारी २०२५

चि. उत्कर्षास आशीर्वाद.

कात्रण वाचनालयात लावले आहे. खाली 'आमची भाची' असे लिहिले होते. अध्यक्षांनी 'आमची' खोडून 'आष्ट्याची' केले.

फोटो मी भिंगाखाली पाहिला. अख्खा कागद सारखा उजळतो, असे तू लिहिले होतेस. फोटोत साफ्यावर ठिपके दिसतात, रांगेने, सारख्या अंतरावर. वर्तमानपत्राची छपाई ठिपक्यांचीच असते, असे मी मनाला सांगितले. मनाने ऐकले.

तुझा मामा
हिंदुराव

सोडाला, जयपूर
६ मार्च २०२५, गुरुवार

ती. मामा,

मनाला ऐकायला लावू नका. ते ठिपके खरे आहेत. तीन फेब्रुवारीला मी तुम्हाला खोटं लिहिलं.

मेळ्याच्या सकाळी सराव झाला. आमचा साफा बावन्न मिनिटं उजळला. मग डाव्या कानाजवळच्या घडीतून हवा आत शिरली आणि तिथून काळे डाग पसरायला लागले, पिकल्या केळ्यावर पडतात तसे. मला रडू यायचं बाकी होतं. अभिनव शांत. त्याने कपाट उघडलं. आत बाजारातल्या तयार एलईडीच्या पट्ट्यांचं वेटोळं होतं. आयत्या वेळी आणलेलं नव्हतं, आधीपासून आणून ठेवलेलं. माझ्या कामाचा अंदाज त्याला माझ्याहून नेमका होता.

"आत्मा तोच आहे," तो म्हणाला, "सिर्फ शरीर बदल रहे हैं."

उत्तमजी तिथेच उभे होते. म्हणाले, "बाईसा, छपाई में दाग आ जाए तो हम कपड़ा अलग रख देते हैं. दाग के नीचे दूसरी चीज़ सी के नहीं बेचते." एवढं बोलून हात धुतले आणि चादरींच्या बाजूला निघून गेले. पट्ट्या मी शिवल्या, मामा. माझ्या हाताने, आणि टाके चांगले आले.

तुमच्या पाटीतही त्याच पट्ट्या आहेत. वर आमची फिल्म, शोभेला. कृपा करून तिचं उद्घाटन करू नका.

आता जे सांगते त्यापुढे साफा म्हणजे काहीच नाही. नवजात बाळांना कावीळ होते, त्यावर निळ्या प्रकाशाचा उपचार करतात. बाळाला दिव्याखाली उघडं ठेवावं लागतं, आईपासून लांब. उजळणारं दुपटं असेल तर बाळ आईच्या कुशीत ठेवून उपचार होईल. ही कल्पना माझी आहे. याच्यासाठीच मी पुणं सोडून इथे आले. अभिनवने आता ती उचललीय. इथल्या एका मुलांच्या दवाखान्यात सहा दुपटी वापरायला द्यायची आहेत. साध्या पट्ट्या बाळाच्या अंगाला तापतात, म्हणून दुपट्यात मात्र खरंखुरं पॉलिमर घातलंय. आयुष्यात एकदा खरा माल वापरला, तो नेमका इथे.

माझा सगळ्यात चांगला निळा एकेचाळीस तासांत निम्मा होतो. पुरता विझत नाही, हाच घोळ. निळा उजेड दिसत राहतो. आईला वाटतं उपचार चाललाय, आणि कावीळ चढत राहते. फार चढली तर मेंदूला कायमची इजा होते.

टेबलावर कागद ठेवलाय: 'निळा प्रकाश पाच हजार तास स्थिर'. खाली माझ्या सहीची जागा. सोमवारची मुदत आहे. अभिनव म्हणतो, "साफे पे तो कुछ नहीं बोली आप."

हे पत्र तुम्हाला मिळेल तेव्हा सोमवार उलटून गेलेला असेल. म्हणूनच लिहायचा धीर झाला.

उत्कर्षा

आष्टा
८ मार्च २०२५

चि. उत्कर्षास अनेक उत्तम आशीर्वाद!

काल पाटीचे उद्घाटन अतिशय थाटात पार पडले! शाल, श्रीफळ, मानपत्र! माझे भाषण सतरा मिनिटे झाले. शाळेचे नाव असे काही उजळले की रस्त्यावरची वाहने थांबली! वीणा, माझी जुनी विद्यार्थिनी, आता तिथेच विज्ञान शिकवते. तिने विचारले, "सर, हे आतून कसं चालतं?" मी म्हणालो, "हे फार प्रगत तंत्रज्ञान आहे!" सर्वांना अत्यंत आनंद झाला!

हिंदुराव

आष्टा
१५ मार्च २०२५

उत्कर्षा,

तुझे पत्र मंगळवारी मिळाले. माझे मागचे पत्र तुला मिळाले असेल, तर त्यातली उद्गारचिन्हे मोज. मी वर्गात एका निबंधात दोनाच्या वर चालू देत नसे.

पाटी उद्घाटनाच्या आदल्या दिवशी माझ्याच घरी होती. दुपारी तारामती दळण आणायला गेली, तेव्हा मी पेचकस घेऊन मागचे झाकण उघडले. आत माळ. गणपतीत मखराला लावतो तशी. मग चारही स्क्रू होते तसे बसवले. एक जरा तिरका बसला, तो काढून पुन्हा बसवला.

म्हणजे तू कळवण्याच्या आधी मला माहीत होते. माहीत असून मी मधल्या खुर्चीवर बसलो आणि 'विज्ञान आणि सत्य' यावर सतरा मिनिटे बोललो. वीणाने विचारले तेव्हा तिच्या तोंडाकडे न बघता उत्तर दिले. तू निदान पट्ट्या शिवल्याचे मान्य केलेस.

बुधवारी प्रार्थनेच्या वेळी शाळेत गेलो. मुख्याध्यापकांना वाटले, पुन्हा सत्काराला आलो. मी वीणाला पुढे बोलावले, पाटी उतरवून घेतली आणि सगळ्यांसमोर तिच्याकडून उघडवली. म्हणालो, "हे मला आधीपासून ठाऊक होते. शुक्रवारी मी तुमच्याशी खोटे बोललो." मुलांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना मी काहीही बोललो की टाळ्या वाजवायची सवय आहे. वीणाने मात्र वाजवल्या नाहीत. ती म्हणाली, "सर, मी त्या दिवशी घरी जाऊन तुमचं उत्तर वहीत उतरवून घेतलं होतं." एवढेच. ते मला झोंबले तितक्या कोणाच्या शिव्याही झोंबल्या नसत्या.

अध्यक्ष संध्याकाळी घरी आले. म्हणाले, "सर, वय झालं तुमचं. विश्रांती घ्या." पाटी त्यांनी पुन्हा टांगली आहे. ती छान दिसते, असे सर्वांचे मत पडले. शाल मी परत केली, पण ती कोणी जमा करून घ्यायला तयार नाही. कार्यालयात खुर्चीच्या पाठीवर पडून आहे. शिपाई तिच्यावर छत्री ठेवतो.

सही करू नको, हे मी कोणत्या तोंडाने सांगू? आणि तो सोमवार तर केव्हाच गेला. तू काय केलेस, ते कळव. काहीही केले असलेस तरी कळव.

तारामती म्हणते, नोकरी गेली असेल तर सरळ घरी ये. तुझी खोली तिने झाडून ठेवली आहे.

मामा

सोडाला, जयपूर
२० एप्रिल २०२५

ती. मामा,

उशीर झाला, कारण सांगण्यासारखं होईपर्यंत थांबले.

सोमवारी मी कागदावरचे पाच हजार खोडून एकेचाळीस लिहिलं आणि सही केली. अभिनव हसला. रागावला नाही, हे फार अपमानकारक वाटलं. त्याने कागद नव्याने छापला आणि पृथ्वीराजची सही घेतली. पृथ्वीराज आमची जाहिरात बघतो. पॉलिमर आणि पॉलिश यांत त्याचा अजून गोंधळ होतो. सही मात्र देखणी.

म्हणजे मी सही नाकारली आणि काहीच अडलं नाही. दुपटी त्याच दिवशी निघाली. माझा सच्चेपणा कंपनीला एका कागदाएवढा पडला. मी बाहेर पायरीवर बसले होते. चादरींच्या बाजूने उत्तमजी आले. म्हणाले, "आपने तो दाग दिखा दिया. पर जिसने कपड़ा खरीदा, उसे कहाँ दिखाया?"

मी प्रकाश मोजायचं यंत्र पिशवीत घातलं, माझ्या चाचणीच्या वह्या घेतल्या आणि रिक्षाने दवाखान्यात गेले. यंत्र कंपनीचं होतं, म्हणजे चोरीच. दुसऱ्या दिवशी परत दिलं, पण चोरी ती चोरीच.

डॉ. स्वप्ना भेटल्या. मुलांच्या डॉक्टर, पन्नाशीच्या, नागपूरच्या. मराठीतून बोलायला लागल्यावर जरा धीर आला. म्हटलं, "ही दुपटी वापरू नका. आज ठीक आहेत. परवा निळी दिसतील, पण उपचार करणार नाहीत."

"कागदावर पाच हजार तास लिहिलंय."

"तो आकडा खोटा आहे. दुपटं मी बनवलंय."

त्यांनी कागद बाजूला सरकवला. "आणि मेळ्यातला तो साफा?"

"तोही खोटा. तेव्हा मी गप्प बसले."

"मग आज का आलात?"

मी म्हटलं, "साफ्याखाली एक मोठा माणूस होता. त्याचं काही बिघडणार नव्हतं." याहून चांगलं उत्तर मला सुचलं नाही, मामा, आणि हे काही फार चांगलं नाही.

त्यांनी एकही दुपटं बाळाला लावलं नाही. खोलीत एका टेबलावर दोन दिवस चालू ठेवलं आणि दर दोन तासांनी नर्सकडून, बाहेरून मागवलेल्या तशाच यंत्राने मोजून घेतलं. अडतिसाव्या तासाला निम्मं झालं. माझ्या आकड्यापेक्षाही तीन तास आधी. सहाही दुपटी परत गेली. माझी नोकरी त्याच संध्याकाळी गेली. कंपनीने मेल पाठवला: 'उत्कर्षा नव्या वाटांच्या शोधात आहे, तिला शुभेच्छा.' खाली अठ्ठावीस लोकांचे टाळ्यांचे हात.

अभिनवचं वाईट झालं, असं तुम्हाला वाटत असेल तर तसं काही नाही. तो आता लग्नाचे उजळणारे साफे विकतो, आत उघडपणे पट्ट्या घालून. वरातीत तुफान चालतात. त्याला नवउद्योजकांसाठी 'प्रामाणिक वाटचाल' या विषयावर बोलायला बोलावलं होतं. उत्तमजी नुसत्या चादरी छापतात. मी दोन आठवडे गोपालपुऱ्यातल्या एका शिकवणी वर्गात रसायनशास्त्र शिकवलं. तिथे पॉलिमरला दोन गुण आहेत, म्हणून एकच तास देतात.

मग डॉ. स्वप्नांचा फोन आला. म्हणाल्या, "तुमचं दुपटं मला नको. तुमचा आकडा मला आवडला. आमचे नेहमीचे दिवे कोणी मोजत नाही, लागले की चालू आहेत असं समजतात. मोजाल?"

मागच्या मंगळवारी दवाखान्याच्या यंत्राने मोजले. काविळीच्या खोलीत अकरा दिवे आहेत. साधे, नामांकित, कागदपत्रं चोख, कुणी लबाडी केलेली नाही. नुसते जुने झालेत. अकरातले चार निम्म्याहून खाली उतरलेले. त्यांच्याखाली बाळं होती.

चारही त्याच दिवशी बदलले. सातव्या दिव्याखालच्या बाळाची आई बाजूलाच बसली होती, टोंककडची, विशीतली. मुलीची कावीळ तीन दिवसांत उतरली नव्हती म्हणून सासू तिच्याच दुधाला बोल लावत होती. नवा दिवा लागल्यावर तिने जुन्याकडे बोट दाखवून मला विचारलं, "दीदी, इसमें क्या खराबी थी? जल तो रहा था."

मी यंत्र तिच्या हातात दिलं. आधी नव्या दिव्याखाली धरायला लावलं, मग जुना लावून त्याच्याखाली. तिला आकडे वाचता येत होते. तिने दोन्ही वाचले, सासूला हाक मारली, आणि तिलाही वाचायला लावले.

तुमची
उत्कर्षा